घडी की सारांश?

रांगोळीची वही तुमच्या घरात असेलच. ती उघडून पाहा. एखाद्या पानावर नक्षीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'अकरा ते सहा ठिपके'. बस्स, एवढंच! पण ज्याला रांगोळी येते, त्याला तेवढं पुरतं. मधल्या ओळीत अकरा ठिपके. तिच्या वर दहा, नऊ, आठ, सात, सहा आणि खालीही तसेच दहा, नऊ, आठ, सात, सहा. मोजा बरं एकूण किती होतात? ९१! एक्क्याण्णव ठिपके आणि त्यांची प्रत्येकाची जागा, हे सगळं चार शब्दांत मावलं. शिवाय गंमत अशी, की त्या चार शब्दांवरून तुम्ही अंगणात रांगोळी काढलीत तर एकही ठिपका कमी पडणार नाही आणि एकही जास्त होणार नाही.

आता दुसरी गोष्ट घ्या. मराठीच्या तासाला बाई एक उतारा देतात आणि म्हणतात, 'याचा एक तृतीयांश सारांश लिहा.' तुम्ही उतारा दोनदा वाचता, मुद्दे काढता आणि तीस ओळींच्या दहा ओळी करता. सारांश छान उतरला, बाईंनी शाबासकीही दिली. पण समजा, दुसऱ्या दिवशी मूळ पुस्तक हरवलं आणि बाई म्हणाल्या, 'आता या दहा ओळींवरून मूळ तीस ओळी शब्दन् शब्द लिहून काढा.' जमेल का? मुळीच नाही. उताऱ्यातल्या म्हातारीचं लुगडं हिरवं होतं की निळं, हे तुम्ही सारांशात लिहिलंच नव्हतं. ते आता कुठून आणणार?

पहिली तऱ्हा म्हणजे घडी. धुतलेली साडी घडी घालून कपाटात ठेवली की जागा कमी लागते आणि उलगडली की पुन्हा सगळी साडी हाती येते, काठपदरासकट. दुसरी तऱ्हा म्हणजे सारांश. त्यातही जागा वाचते, उलट फार जास्त वाचते, पण जे गाळलं ते गाळलं.

तुम्ही म्हणाल, आज हे मराठीच्या व्याकरणाचं पान आहे की काय? नाही, नाही. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते फोटोंविषयी. संगणकात आणि मोबाइलमध्ये जे फोटो साठवलेले असतात, ते याच दोन तऱ्हांनी साठवतात. काही फायली म्हणजे घड्या असतात, काही फायली म्हणजे सारांश. फायलीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन 'पीएनजी' लिहिलेलं असेल तर बहुधा ती घडी आहे असं समजा. 'जेपीजी' किंवा 'जेपीईजी' असेल तर तो सारांश. ही दोन अक्षरमाळांची ओळख नीट नसली की काय होतं, ते आमच्या घरी घडलेल्या गोष्टीवरून सांगते.

माझी आजी शाळेत कधी गेली नव्हती. चाळिशीनंतर गावात प्रौढांचा रात्रीचा वर्ग निघाला, तेव्हा ती तिथे अक्षरं शिकली. वर्गाच्या शेवटी कुणीतरी फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत आजी एकटी उभी आहे, नऊवारी नेसलेली, आणि छातीशी पाटी धरलेली. पाटीवर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं तिचं नाव. पोस्टकार्डाएवढा काळापांढरा फोटो. आजीच्या हातचं दुसरं काहीच लिखाण आमच्याकडे नाही. पुढे ती सही करायची, पण सही केलेले कागद कुठल्या कुठे गेले. तेव्हा तिचं अक्षर पाहायचं, तर त्या पाटीवरच पाहायचं.

तो फोटो सांगलीला मावशीकडे भिंतीवर होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तो तुमच्या आईबाबांना चांगलाच आठवत असेल. मावशीच्या घरात छातीइतकं पाणी होतं. माणसं सुखरूप बाहेर पडली, हे महत्त्वाचं. पण पाणी ओसरल्यावर फ्रेम उघडली तर फोटोचा कागद काचेला चिकटून बसला होता आणि चेहऱ्याच्या जागी चिखलाचा डाग उरला होता.

मग सगळ्यांना आठवलं, अरे, हा फोटो तर आपल्या मोबाइलवर आहे! कुणाच्या तरी वाढदिवसाला, आजीच्या पुण्यतिथीला, तो कितीदा तरी इकडून तिकडे गेला होता. मावसभावानं सगळ्यांकडून प्रती मागवल्या. सहा प्रती जमल्या. पाहिलं तर आजीचा चेहरा सगळ्यांत ओळखू येत होता, पण पाटी? पाटीवर नुसता राखाडी फराटा. जणू ओल्या फडक्यानं पुसून टाकलेली.

तेवढ्यात दुसरी एक प्रत आली. भावाच्या ओळखीतल्या एका फोटोच्या दुकानात, 'याची पीएनजी करून देतो, एकदम क्लिअर होईल,' असं सांगून ३०० रुपये घेतले होते. फाइल भलीमोठी होती, ९ एमबी. आधीच्या प्रती तर ७०-८० केबीच्या, म्हणजे ही शंभरपटीहून मोठी! भाऊ खूश झाला. आम्ही मोठ्या आशेनं ती संगणकावर उघडली आणि पाटीवर मोठी करून पाहिली. तोच फराटा! फक्त आता तो मोठा आणि गुळगुळीत दिसत होता.

असं का झालं असेल? पैसे देऊनही पाटी का उजळली नाही? याचं उत्तर हवं असेल तर सारांश करणाऱ्या त्या 'जेपीईजी'च्या पोटात थोडं शिरावं लागेल. चला, घाबरू नका. गुणाकार-भागाकार येत असला की झालं.

संगणकातला फोटो म्हणजे रांगोळीसारखेच ठिपके असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यांना पिक्सेल म्हणतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या एका फोटोत आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके धरले, तर एकूण १ कोटी २० लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल किती, हिरवा किती आणि निळा किती असे तीन आकडे लिहावे लागतात. प्रत्येक आकड्याला एक बाइट. म्हणजे झाले ३ कोटी ६० लाख बाइट, सुमारे ३६ एमबी. एका फोटोला! असे शंभर फोटो काढले की मोबाइल तक्रार करू लागायचा.

१९८६ साली फोटोंसाठी एक सामायिक पद्धत ठरवावी म्हणून तज्ज्ञांचा एक गट तयार झाला. त्या गटाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजेच 'जेपीईजी'. १९९२ साली त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्या मुळाशी जे गणित आहे, त्याच्याशी आपल्या देशाचा जवळचा संबंध आहे बरं का! १९४० साली बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत प्राध्यापक होते. आकड्यांची रांग लाटांच्या भाषेत कशी मांडायची, याची एक युक्ती त्यांना १९७२ च्या सुमारास सुचली. संशोधनासाठी त्यांनी पैसे मागितले, पण ते मिळाले नाहीत. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या दोन सहकाऱ्यांबरोबर १९७४ च्या जानेवारीत त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आज तुम्ही जेपीईजी फोटो पाहता, तेव्हा दरवेळी त्या तिघांचं गणित तुमच्या मोबाइलमध्ये चाललेलं असतं.

ते चालतं कसं? आधी फोटोतला उजेड आणि रंग वेगळे काढतात. आपल्या डोळ्यांना उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून रंगाची माहिती बहुतेक वेळा इथेच थोडी कमी करून टाकतात. मग फोटोचे छोटे छोटे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोन आडवे आठ आणि उभे आठ, म्हणजे ६४ ठिपक्यांचा. आता त्या ६४ ठिपक्यांऐवजी ६४ नवे आकडे लिहितात. पहिला आकडा सांगतो, या चौकोनात एकूण उजेड किती. पुढचे सांगतात, डावीकडून उजवीकडे उजेड सावकाश बदलतो आहे का? भराभर बदलतो आहे का? वरून खाली कसा बदलतो? शेवटचे आकडे अगदी बारीक, दाट रेघांसारख्या बदलांचे.

रंगाची ती थोडी माहिती सोडली तर इथपर्यंत जवळजवळ काहीच हरवलेलं नाही. बाकीचं हरवतं ते पुढच्या पायरीवर. प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या संख्येनं भागतात आणि उत्तर पूर्णांकात आणतात. समजा, एका जागी आकडा आहे ४७ आणि त्याला भागायचं आहे १० नं. उत्तर ४.७. पूर्णांक केला ५. फोटो पुन्हा उघडताना ५ ला १० नं गुणतात. आले ५०. होते ४७, आले ५०. डोळ्याला फरक कळतही नाही. दुसऱ्या जागी आकडा होता ३. त्याला १० नं भागलं, ०.३ आलं, पूर्णांक झाला शून्य. आणि शून्याला कितीनंही गुणा, शून्यच!

म्हणजे बारीकसारीक बदलांचे बरेच आकडे शून्य होतात. एका ओळीत चाळीस शून्यं आली की 'पुढे सगळी शून्यं' एवढं लिहिलं की झालं. अशानं ३६ एमबीचा फोटो तीन-चार एमबीत सहज बसतो आणि नुसत्या नजरेला तो पहिल्यासारखाच दिसतो. किती हुशारीची गोष्ट आहे पाहा! म्हणून जेपीईजीला कुणी नावं ठेवू नयेत. ते नसतं तर मुंबईच्या नातवाचा फोटो खेड्यातल्या आजीपर्यंत इतक्या पटकन पोचलाच नसता.

पण आता तो ५० पुन्हा पाहा. तो मुळात ४७ होता का? की ५१ होता? ५१ ला १० नं भागून पूर्णांक केला तरी ५ च येतो. फायलीत तर फक्त ५ लिहिलेला आहे. जगातला सगळ्यात मोठा संगणक आणलात तरी त्या ५ कडे पाहून तो सांगू शकणार नाही, की मुळात काय होतं. फाइल छोटी करायची असेल तर भागणारी संख्याही मोठी घेतात, १० ऐवजी ४०, ८०. मग काय, बारीक रेघांचे आकडे धडाधड शून्य! पाटीवरची खडूची अक्षरं म्हणजे तसे बारीक बदलच की. काळ्यावर पांढरी रेघ, तिच्या शेजारी पुन्हा काळं. आधी निरोप पाठवणाऱ्या अॅपनं फोटो आकारानं लहान केला, मग त्याचा जोरकस सारांश केला, आणि तोच फोटो काटून, सजवून, 'सुप्रभात' लिहून पुढे पाठवला की सारांशाचाही सारांश झाला. चेहरा मोठा होता म्हणून तगला. अक्षरं बारीक होती, ती गेली.

आता त्या पीएनजीचं पाहू. त्याच्या जन्माची कथाही मजेदार आहे. १९८७ साली चित्रांसाठी 'गिफ' नावाची पद्धत आली होती. तिच्यात आकडेमोडीची जी युक्ती वापरली होती, तिच्यावर एका कंपनीचा पेटंटचा हक्क होता. १९९४ च्या अखेरीस त्या हक्कापोटी पैसे मागण्याची गोष्ट निघाली. जगभरातल्या संगणकवेड्या मंडळींना राग आला. त्यांनी १९९५ च्या जानेवारीपासून चर्चा करून नवी, सगळ्यांना फुकट वापरता येईल अशी पद्धत उभी केली. तीच पीएनजी. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली.

पीएनजी रांगोळीच्या वहीसारखं वागतं. एका ओळीत ठिपक्यांचे आकडे १२०, १२१, १२१, १२३ असे असतील तर ते लिहितं: १२०, मग १ जास्त, मग तेवढाच, मग २ जास्त. छोटे आकडे, पण उलगडले की अगदी तंतोतंत पहिले. एखादा तुकडा पुन्हा आला तर 'मागचाच पुन्हा' अशी खूण करतं. आणि जे आकडे वारंवार येतात त्यांना आखूड खुणा देतं, क्वचित येणाऱ्यांना लांब. ही शेवटची युक्ती जेपीईजीमध्येही असते. ती डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्यानं काढली. त्याच्या रॉबर्ट फानो या प्राध्यापकांनी वर्गाला सांगितलं होतं, परीक्षा द्या नाहीतर एक निबंध लिहा. हफमननं निबंध निवडला आणि त्यातून निघालेली युक्ती १९५२ साली छापून आली. परीक्षा टाळण्याचा असा मार्ग मिळाला तर कोणाला नको आहे? पण त्या निबंधाला परीक्षेपेक्षा किती जास्त मेहनत पडली असेल, तेही लक्षात घ्या हं!

तर पीएनजी काही गाळत नाही. पण, आणि हा 'पण' फार महत्त्वाचा, ते काही परतही आणत नाही. त्याच्या हाती जे द्याल ते ते इमानेइतबारे जपतं. मूळ उतारा दिलात तर उतारा जपेल, दहा ओळींचा सारांश दिलात तर दहा ओळीच जपेल. सारांश सुवाच्य अक्षरात जाड कागदावर उतरवून काढला, त्याला प्लॅस्टिकचं वेष्टण घातलं, म्हणून त्यातल्या म्हातारीच्या लुगड्याचा रंग थोडाच कळणार आहे? उसाचा गूळ होतो, गुळाचा ऊस होत नाही. गूळ मोठ्या पातेल्यात ठेवला तरी नाही.

मग ती फाइल ९ एमबीची का झाली? दुकानदारानं आधी त्या लहानशा प्रतीचे ठिपके वाढवले होते. दोन ठिपक्यांच्या मध्ये त्यांच्यातलाच मधला रंग भरला, की ठिपके हवे तितके वाढतात. मग त्या प्रत्येक ठिपक्याची पीएनजीनं प्रामाणिकपणे नोंद ठेवली. फराट्याचीसुद्धा! म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. फाइल मोठी म्हणजे फोटो चांगला असं नाही. ठिपके जास्त म्हणजे फोटो चांगला असंही नाही. फोटो कुठून कुठून फिरून आला, हे विचारायचं.

तेच आम्ही विचारायला सुरुवात केली. ही प्रत तुला कोणी दिली? त्याला कोणी दिली? असं मागे मागे जात मामांपर्यंत पोचलो. मामा म्हणाले, '२०११ साली फोटो भिंतीवर लावायच्या आधी मी तो स्कॅन करून घेतला होता. सीडी कुठेतरी असेल बघ.' ती सापडली लग्नाच्या कॅसेटींच्या खोक्यात. धूळ पुसून सीडी लावली. फाइल जेपीईजीच होती, २,४०० बाय ३,४०० ठिपक्यांची, फक्त ३ एमबीची. दुकानातल्या पीएनजीच्या एक तृतीयांश. पण पहिल्याच हातचा सारांश, आणि तोही उदार मनानं केलेला. पाटीवर मोठं करून पाहिलं. नावातलं पहिलं अक्षर मोठं, मग जागा पुरणार नाही असं वाटून पुढची लहान होत गेलेली. वेलांटी जरा दूर पडलेली. शिरोरेघ मात्र सरळ, बहुधा पट्टीनं ओढलेली. आई संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून ती अक्षरं गिरवत राहिली. कुणीच काही बोललं नाही.

मध्यंतरी एका भाच्यानं विचारलं, 'आता तर एआय आहे ना? ते त्या धुरकट प्रतीवरून पाटी स्वच्छ करून देईल की!' देईल. पण ते आजीचं अक्षर नसेल. अशा फोटोंत साधारण काय असतं याचा अंदाज बांधून ते खडूच्या रेघा काढील. सुबक काढील, कदाचित वेलांटीही जागेवर आणील. म्हणजे म्हातारीचं लुगडं ते रंगवून देईल, पण रंग त्याच्या मनातला असेल. पाहुण्यांना दाखवायला ते ठीक आहे. पुरावा म्हणून ते चालणार नाही.

पुरावा हा शब्द मी उगीच वापरला नाही. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञासमोर एक विचित्र प्रकार आला. एका घराचा नकाशा स्कॅन केला होता. तीन खोल्यांची क्षेत्रफळं होती १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. प्रतीत मात्र तिन्ही खोल्यांवर १४.१३! यंत्र झेरॉक्स कंपनीचं होतं, जिच्या नावानं आपण प्रत काढण्यालाच झेरॉक्स म्हणतो. शोध घेतल्यावर कळलं, की जागा वाचवण्यासाठी त्या यंत्रातली पद्धत सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवायची आणि सगळीकडे तेच वापरायची. बारीक अक्षरातले ६ आणि ८ तिला सारखेच वाटायचे. प्रत धुरकट असती तर निदान शंका तरी आली असती. इथे आकडे स्वच्छ होते आणि चुकीचे होते! नंतर कंपनीनं त्यावर दुरुस्ती काढली. पण विचार करा, औषधाच्या चिठ्ठीवर असं झालं तर?

आपल्या देवनागरीत तर एका टिंबाचा खेळ असतो. 'चिंता' आणि 'चिता' यांत फरक केवढासा? एका अनुस्वाराचा! जुनी पत्रं, सातबाराचे उतारे, आजोबांच्या वह्या स्कॅन करताना सारांश फार आखडता केला तर पहिल्यांदा असलीच टिंबं जातात.

मग आता काय करायचं, ते सांगते. वही काढा.

एक. जो फोटो पुन्हा मिळणार नाही, त्याची पहिली फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून आलेली, तशीच दोन ठिकाणी ठेवा. तिच्यावर काहीही काम करू नका. काम करायचं ते तिच्या नकलेवर. फाइलची जशीच्या तशी नक्कल केली तर काहीही झिजत नाही. नुसती उघडून पाहिली तरी झिजत नाही. ती कॅसेट नव्हे! झीज होते ती फोटो बदलून, काटून, लहान करून पुन्हा जेपीईजी म्हणून साठवताना.

दोन. जुना कागद स्कॅन करायला दिला तर आधीच सांगा, 'पीएनजी किंवा टिफमध्ये द्या.' मूळ कागद हाती असतानाच घडी घालून घ्यायची असते. नंतर सारांशाची घडी घालून उपयोग नाही.

तीन. तुमच्याकडे फक्त जेपीईजीच असेल आणि त्यावरचे डाग, चिरा दुरुस्त करायच्या असतील, तर आधी पीएनजी करा आणि मग काम करा. गेलेलं येणार नाही, पण काम करता करता दहा वेळा साठवलं तरी आणखी काही जाणार नाही. सगळं झाल्यावर पाठवण्यापुरती एक जेपीईजी काढा.

चार. मोबाइलवरून महत्त्वाचा फोटो पाठवायचा तर तो 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तशी सोय बऱ्याच अॅपमध्ये असते. मग वाटेत त्याचा सारांश होत नाही.

पाच. तुम्ही संगणकावर काढलेलं चित्र, तक्ता, नकाशा, मोठ्या अक्षरातली पाटी हे सगळं पीएनजीतच ठेवा. सपाट रंगांची घडी छान लहान बसते. फोटो मात्र पीएनजीत ठेवला तर फार जागा खातो, म्हणून सहलीच्या दोनशे फोटोंना जेपीईजीच बरं. आणि फोटोचं गिफ करू नका. त्यात एका चित्रात फक्त २५६ रंग मावतात, बाकीचे गळतात.

सहा. फायलीच्या नावातलं 'जेपीजी' खोडून तिथे 'पीएनजी' लिहिलं म्हणजे फाइल बदलली असं नव्हे. बरणीवरची चिठ्ठी बदलून आत लोणच्याचा मुरंबा होत नाही!

पटत नसेल तर प्रयोग करून पाहा. संगणकावर चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये पांढऱ्या पानावर लाल रंगानं तुमचं नाव लिहा. एकदा पीएनजी म्हणून साठवा, एकदा जेपीईजी म्हणून. दोन्ही उघडा आणि अक्षरांच्या कडा खूप मोठ्या करून पाहा. पीएनजीत कडा होत्या तशाच असतील. जेपीईजीत अक्षरांभोवती बारीक धूळ उडाल्यासारखी दिसेल, आणि नीट पाहिलंत तर आठ बाय आठचे चौकोनही ओळखता येतील. मग त्या जेपीईजीचं पीएनजी करा आणि पुन्हा पाहा. धूळ गेली का? काय दिसतं ते आता तुम्हीच सांगू शकाल.

आणि हो, एक काम आईबाबांना बरोबर घेऊन करायचं आहे. घरातला सगळ्यात जुना फोटो कोणता, त्याचा मूळ कागद कोणाकडे आहे आणि त्याची पहिली फाइल कुठे आहे, हे येत्या रविवारी शोधून काढा. काका, आत्या, मामा, सगळ्यांना फोन करा. फोटोत कोण कोण आहे, तेही विचारून मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा, हलक्या हातानं. ते कुठल्याच फायलीत लिहिलेलं नसतं, आणि ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आज फोन उचलतात.